बी.ई. कॉम्प्युटरचे इलेक्टिव्ह कसे निवडायचे: ज्युनियर्सचे नेहमीचे प्रश्न (पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न)

इलेक्टिव्हचा (म्हणजे आपण निवडायच्या विषयांचा) गुगल फॉर्म आला की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, आणि ते पण फॉर्म बंद व्हायच्या आदल्या रात्री. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नच्या (म्हणजे २०१९ च्या अभ्यासक्रमाच्या) बी.ई. कॉम्प्युटरवाल्यांसाठी, म्हणजे शेवटच्या वर्षासाठी, आहे. आयटी, एआय-डीएस वाल्यांचे विषय आणि कोड वेगळे आहेत पण विचार करायची पद्धत तीच. ऑटोनॉमस कॉलेजवाल्यांनी आपापलं स्ट्रक्चर बघा.

बी.ई.ला नक्की किती इलेक्टिव्ह असतात आणि कुठले?

चार. टी.ई.चे (तिसऱ्या वर्षाचे) दोन तुमचे होऊन गेलेत. सेम ७ ला इलेक्टिव्ह ३ आणि ४, सेम ८ ला ५ आणि ६, प्रत्येकाचे ३ क्रेडिट.

इलेक्टिव्ह ३ मध्ये परवेसिव्ह कम्प्युटिंग, मल्टिमीडिया टेक्निक्स, सायबर सिक्युरिटी अँड डिजिटल फोरेन्सिक्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड मॉडेलिंग अँड डिझाईन आणि डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग). इलेक्टिव्ह ४ मध्ये इन्फर्मेशन रिट्रीव्हल, जीपीयू प्रोग्रामिंग, मोबाईल कम्प्युटिंग, सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि कम्पायलर्स. सेम ८ च्या इलेक्टिव्ह ५ मध्ये एनएलपी (नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग), इमेज प्रोसेसिंग, सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्क्स, अॅडव्हान्स्ड डीएसपी, आणि ६ मध्ये पॅटर्न रेकग्निशन, सॉफ्ट कम्प्युटिंग, बिझनेस इंटेलिजन्स, क्वांटम कम्प्युटिंग. सेम ८ च्या दोन्हीत एकेक ओपन इलेक्टिव्ह पण आहे, त्याचं खाली.

यादीत एवढे विषय आहेत मग आमच्या कॉलेजमध्ये फॉर्मवर दोनच का?

कारण यादी विद्यापीठाची आहे आणि शिकवायला माणसं कॉलेजची. मेसच्या बोर्डावर दहा भाज्या लिहिलेल्या असतात आणि आत जाऊन विचारलं की आज बटाटाच, तसं. डिपार्टमेंटकडे त्या विषयाचं कोणी आहे का, टाइमटेबलमध्ये बसतंय का, लॅबमध्ये सॉफ्टवेअर आहे का, किमान किती पोरं पाहिजेत, हे सगळं बघून एचओडी (डिपार्टमेंटचे प्रमुख) ठरवतात. काही कॉलेजेस तर फॉर्म फक्त नावाला भरून घेतात, विषय आधीच ठरलेला असतो आणि तो ज्या मॅडमना द्यायचा त्या पण ठरलेल्या असतात.

पण "काही उपयोग नाही" म्हणून गप्प बसू नका. पंधरा-वीस जणांनी मिळून, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, सीआरला (वर्गाच्या प्रतिनिधीला) पुढे करून नाही तर स्वतः जाऊन, "आम्हाला हा विषय हवाय आणि अमुक सर शिकवायला तयार आहेत" असं सांगितलं तर बऱ्याचदा ऐकतात. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आधी सरांना विचारा, मग एचओडींकडे जा. नुसतं "आम्हाला हा नको" म्हणायला गेलात तर कोणी ऐकत नाही आणि बरोबरच आहे ते.

ताई, सरळ सांग ना, कुठला घेऊ?

नाही सांगणार, कारण तुझ्या कॉलेजमध्ये कोण काय शिकवतं ते मला माहीत नाही आणि माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो. मार्कशीटवरच्या विषयाच्या नावाला लोक उगाच फार महत्त्व देतात. "क्वांटम", "जीपीयू" असं काही भारी दिसलं की फॉर्मवर टिक. चांगले सर ऑब्जेक्ट ओरिएंटेड मॉडेलिंग शिकवत असतील आणि कोणीतरी जबरदस्तीने ढकललेलं माणूस सायबर सिक्युरिटीच्या पीपीटी वाचून दाखवणार असेल, तर मी डोळे झाकून पहिला घेईन, भले नाव कितीही जुनाट वाटो.

दुसरं म्हणजे सिलॅबसची पीडीएफ उघडा, अख्खी सहा युनिटं वाचा, नुसतं टायटल नाही. इन्सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० मार्कांची पहिल्या दोन युनिटवर, एन्डसेम (शेवटची) ७० ची उरलेल्या चारवर. म्हणजे खरा विषय युनिट ३ ते ६ मध्ये असतो आणि पोरं मात्र युनिट १ चं "इंट्रोडक्शन टू" वाचून ठरवतात की सोपंय. युनिट ४ उघडून बघा आणि स्वतःला विचारा, डिसेंबरमध्ये प्रोजेक्टचं सबमिशन चालू असताना हे मी वाचू शकेन का.

तिसरं, प्रॅक्टिकल. इलेक्टिव्ह ३-४ चं प्रॅक्टिकल लॅबोरेटरी प्रॅक्टिस ४ मध्ये येतं आणि ५-६ चं लॅबोरेटरी प्रॅक्टिस ६ मध्ये. हे कोणी बघतच नाही, थिअरीचाच विचार करतात, आणि मग रायटअप लिहायची वेळ आली की कळतं आपण काय घेतलंय. वरच्या बॅचच्या कोणाची तरी फाईल मागून घ्या आणि असाइनमेंट बघा. दहा मिनिटांत विषयाचा अंदाज येतो, सिलॅबसपेक्षा जास्त.

सेम ७ ला काय घेतलं याचा सेम ८ वर परिणाम होतो का?

होतो, आणि चारही इलेक्टिव्हचा एकत्र विचार करायचं खरं कारण हेच आहे. सेम ७ ला मशीन लर्निंग कंपल्सरी आहे, सेम ८ ला डीप लर्निंग आणि हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग कंपल्सरी. हे तीन खांब धरून बाकीचं लावा.

जीपीयू प्रोग्रामिंग सेम ७ ला घेतलं तर सेम ८ ला एचपीसीचं (हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगचं) कुडा वालं, म्हणजे जीपीयूवर प्रोग्राम लिहायचं, युनिट जवळपास फुकट मिळतं. एचपीसीच्या प्रॅक्टिकलला कुडामध्ये व्हेक्टर अॅडिशन आणि मॅट्रिक्स मल्टिप्लिकेशन करायचंच असतं, तेव्हा बाकी सगळे कॉपी-पेस्ट करत असतात आणि एक्स्टर्नल परीक्षकाने "थ्रेड आणि ब्लॉक म्हणजे काय" विचारलं की वर बघतात. कॉलेजच्या लॅबमध्ये जीपीयू नाही म्हणून घाबरू नका, गुगल कोलॅबवर फुकट मिळतो, असाइनमेंटपुरता पुरतो.

इन्फर्मेशन रिट्रीव्हल आणि नंतर एनएलपी ही जोडी पण मस्त जाते. इन्व्हर्टेड इंडेक्स, टीएफ-आयडीएफ, पेजरँक हे एकदा नीट समजलं की एनएलपीमध्ये शब्दांचे व्हेक्टर वगैरे आले की धक्का बसत नाही. शिवाय ज्यांचा प्रोजेक्ट चॅटबॉट, रेझ्युमे स्क्रीनिंग, मराठी टेक्स्टवर काहीतरी असा आहे (आणि हल्ली निम्म्या वर्गाचा असतो) त्यांना तर प्रोजेक्ट रिपोर्टचा लिटरेचर सर्व्हे पण यातूनच मिळतो.

इमेज प्रोसेसिंग डीप लर्निंगबरोबर एकाच सेमला येतं, सीएनएन आणि कन्व्होल्यूशन दोन्हीकडे आहे, एकाची तयारी दुसऱ्याला कामी येते. उलट अॅडव्हान्स्ड डीएसपी साधा डीएसपी न घेता घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. झेड ट्रान्सफॉर्म एम-३ ला (दुसऱ्या वर्षाच्या गणितात) केलेलं आठवतंय का ते आधी बघा.

स्कोरिंग कुठला आहे?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, लाजायचं काही नाही, सीजीपीए सगळ्यांनाच पाहिजे. थिअरी लिहून भरता येईल असे विषय म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंग, मोबाईल कम्प्युटिंग, बिझनेस इंटेलिजन्स, परवेसिव्ह. ज्यांचं लिखाण फास्ट आहे आणि डायग्राम काढून पानं भरता येतात त्यांना हे बरे. न्युमरिकलवाले म्हणजे डीएसपी, कम्पायलर्स, थोडंफार पॅटर्न रेकग्निशन, सॉफ्ट कम्प्युटिंग. इथे समजलं तर पैकीच्या पैकी, नाही समजलं तर पान कोरं. कम्पायलर्सचं एलआर पार्सिंग टेबल बरोबर आलं तर मास्तरला मार्क कापायला जागाच नसते, पण "डिस्कस द इश्यूज इन मोबाईल कम्प्युटिंग" ला तीन पानं लिहूनसुद्धा कोण किती देईल ते पेपर तपासणाऱ्याच्या मूडवर. त्यामुळे "थिअरी म्हणजे स्कोरिंग" हे मला तरी पूर्ण पटत नाही.

आणि एक बघा, जुने पेपर किती मिळतात. ज्या विषयाला दरवर्षी भरपूर पोरं बसतात त्याचे पेपर, नोट्स, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, यूट्यूबवर मराठी-हिंदीत लेक्चर सगळं मिळतं. जो विषय सगळ्या विद्यापीठात मोजकीच कॉलेजेस घेतात त्याचं काहीच मिळत नाही, संदर्भ पुस्तकातून वाचावं लागतं. वाईट नाही ते, फक्त आधी माहीत असावं.

प्लेसमेंटला इलेक्टिव्ह विचारतात का?

बहुतेक नाही. कॅलेंडर बघा ना, कंपन्या यायला लागतात तेव्हा सेम ७ चं पहिलं युनिट पण संपलेलं नसतं, आणि सेम ८ चे विषय तर कागदावर पण नसतात. विचारतात ते डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स-अल्गोरिदम), डीबीएमएस (डेटाबेस), ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम), नेटवर्क, ऊप्स (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग), आणि मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये आधी अॅप्टिट्यूड. मग रेझ्युमेवर जे लिहिलंय ते आणि प्रोजेक्ट.

तिथे मात्र इलेक्टिव्ह आडून येतो. प्रोजेक्टचा विषय आणि इलेक्टिव्ह जुळत असेल तर तुम्ही प्रोजेक्टबद्दल पाच मिनिटं जास्त बोलू शकता आणि "हेच मॉडेल का वापरलं" ला उत्तर असतं. टेस्टिंगमध्ये जायचं पक्कं असेल तर सॉफ्टवेअर टेस्टिंग घ्या, लोक नाक मुरडतात पण पुण्यात टेस्टिंगच्या जागा भरपूर असतात आणि सेलेनियम (टेस्टिंगचं टूल) हाताखालून गेलेलं असलं तर फायदाच. जीपीयूचं म्हणाल तर एनव्हीडियाचं पुण्यात मोठं ऑफिस आहे म्हणून पोरं उत्साहात घेतात. घ्या की, पण तिथे जायला सी++ आणि आर्किटेक्चर पक्कं लागतं, एका इलेक्टिव्हने कोणी दारात उभं करत नाही.

गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) देतोय, काय घेऊ?

कम्पायलर्स, जर फ्लोट झालं, म्हणजे कॉलेजने ठेवलं, तर. कारण साधं आहे, गेट सीएसच्या सिलॅबसमध्ये कम्पायलर डिझाईन आहे आणि आपल्याकडे ते कंपल्सरी नाही, टी.ई.ला थिअरी ऑफ कम्प्युटेशन आणि एसपीओएस (सिस्टीम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टीम) झालं की तिथेच थांबतं. बाकी ओएस, डीबीएमएस, नेटवर्क, अल्गोरिदम हे सगळं आपलं झालेलं असतं. गेट फेब्रुवारीत असते, कम्पायलर्स सेम ७ ला आहे, म्हणजे एन्डसेमचा अभ्यास थेट गेटलाच लागतो. टी.ई.ला पास-१ पास-२ असेम्बलर ज्यांनी स्वतः लिहिला होता त्यांना आवडेल. ज्यांनी मित्राकडून घेतला होता त्यांनी विचार करून घ्या.

२०२४ पासून गेटला डेटा सायन्स अँड एआय असा वेगळा पेपर पण आहे. त्यात मशीन लर्निंग, एआय आपलं होतंच, डेटा वेअरहाऊसिंग पण आहे आणि ते बिझनेस इंटेलिजन्समध्ये येतं, पण तो विषय सेम ८ ला, गेट होऊन गेल्यावर. त्यामुळे गेटसाठी म्हणून बिझनेस इंटेलिजन्स घेऊ नका.

एमएसला जायचंय, बाहेरची युनिव्हर्सिटी इलेक्टिव्ह बघते का?

बघते, पण अप्लाय करताना. अमेरिकेच्या फॉलच्या डेडलाइन बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत असतात, त्या वेळी तुमच्या ट्रान्स्क्रिप्टवर सेम ६ पर्यंतचं असतं. म्हणजे सेम ८ चा भारी इलेक्टिव्ह अॅडमिशनला फारसा दिसत नाही, एसओपीमध्ये (अर्जाबरोबर स्वतःबद्दल लिहायच्या निबंधात) लिहू शकता तेवढंच. शिक्षकाचं महत्त्व इथे जास्त आहे, कारण लेटर ऑफ रेकमेंडेशन लागतात, आणि साठ-सत्तरच्या वर्गापेक्षा वीस जणांच्या इलेक्टिव्हमध्ये सर तुम्हाला नावाने ओळखतात. प्रश्न विचारणारा, असाइनमेंट वेळेवर देणारा पोरगा त्यांच्या लक्षात राहतो, आणि पत्रात चार खऱ्या ओळी येतात.

जर्मनीचं थोडं वेगळं. तिथे बऱ्याच युनिव्हर्सिटी विषयवार जुळवून बघतात, गणित किती, थिऑरेटिकल कम्प्युटर सायन्स किती. म्हणून प्रत्येक इलेक्टिव्हची सिलॅबसची पीडीएफ आत्ताच सेव्ह करून ठेवा, पॅटर्न बदलला की वेबसाइटवर शोधणं डोक्याला ताप होतो. एपीएस सर्टिफिकेट (तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात ते) नोव्हेंबर २०२२ पासून लागतंच, त्याचं पण लवकर बघा.

एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन) कोर्स इलेक्टिव्हच्या बदल्यात चालतो का?

नियमाने दार उघडं आहे, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयं या सरकारी पोर्टलवरून (एनपीटीईएलचे कोर्स तिथेच असतात) करता येऊ शकतात. पण तुमचं कॉलेज आणि विद्यापीठ कुठल्या विषयाऐवजी काय धरतं ते लेखी विचारून घ्या, "चालेल बहुतेक" या उत्तरावर कोर्स सुरू करू नका.

क्रेडिट मिळो न मिळो, ज्यांना हवा तो इलेक्टिव्ह कॉलेजमध्ये मिळाला नाही त्यांच्यासाठी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे असं मला वाटतं. १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा, ८ चा २, ४ चा १. बघायला फुकट, परीक्षा द्यायची तर फी. असाइनमेंटचे २५ आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५, असाइनमेंटला किमान १० आणि परीक्षेला किमान ३० पाहिजेत तरच सर्टिफिकेट. ६० च्या वर एलिट, ७५ च्या वर सिल्व्हर, ९० च्या वर गोल्ड. असाइनमेंट दर आठवड्याला असते, आणि हुकली की हुकली. जुलैच्या बॅचची परीक्षा आणि आपली एन्डसेम जवळजवळ येतात हे लक्षात ठेवून एकच कोर्स घ्या. तीन-तीन रजिस्टर करून एकाचीही परीक्षा न देणारे भरपूर असतात.

ऑनर्स आहे माझं, मग इलेक्टिव्ह?

ऑनर्स टी.ई.पासूनच चालू असतं, जादाच्या १८-२० क्रेडिटचं, त्यामुळे तुमच्याकडे आधीच लेक्चर जास्त आहेत. सायबर सिक्युरिटीचं ऑनर्स असताना परत इलेक्टिव्ह ३ ला सायबर सिक्युरिटी घेणारे भेटतात. अभ्यास कमी पडेल म्हणून घेतला असेल तर ठीक, पण मार्कशीटवर दोनदा तेच दिसून काही होत नाही. मी म्हणेन ऑनर्सच्या बाहेरचं काहीतरी घ्या.

ओपन इलेक्टिव्ह म्हणजे काहीही घेता येतं?

कागदावर दुसऱ्या ब्रँचचा किंवा इंडस्ट्रीशी संबंधित विषय घेता येतो, मंजुरी लागते. प्रत्यक्षात मेकॅनिकलच्या टाइमटेबलशी आपलं जुळवणं कोणाला नको असतं म्हणून फार थोड्या ठिकाणी होतं. होत असेल तर विचारा तरी.

क्वांटम कम्प्युटिंग घेऊ का? रील्समध्ये फार बघितलंय.

रील्समधलं त्यात काही नाही. मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, कॉम्प्लेक्स नंबर, टेन्सर प्रॉडक्ट. एफ.ई.ची (पहिल्या वर्षाची) एम-१ आवडली होती का? आवडली असेल तर सेम ८ चा हा सगळ्यात मजेशीर विषय आहे. नसेल तर राहू दे.

सगळा ग्रुप टेस्टिंग घेतोय, मी एकटी वेगळं घेऊ का?

घे. पण खोटं बोलणार नाही, ग्रुप बरोबर असण्याचा फायदा असतो, नोट्स, असाइनमेंट, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा व्हिडीओ कॉल. प्रोजेक्ट ग्रुपमधला निदान एक जण बरोबर असेल तर बरं. आणि सेम ८ ला इंटर्नशिप करणार असशील तर ज्या विषयात अटेंडन्सवरून कटकट नाही आणि ज्याचे सर इंटर्नशिपवाल्यांना समजून घेतात तो घे, तिथे विषयाची आवड वगैरे दुसऱ्या नंबरवर.

मुंबई युनिव्हर्सिटीत आहे माझा भाऊ, त्याला पण हेच लागू होतं का?

डीएलओ म्हणजे डिपार्टमेंटचा ऑप्शनल, त्याला हेच सगळं लागू. आयएलओ (इन्स्टिट्यूट लेव्हल ऑप्शनल) मात्र वेगळं प्रकरण आहे. ते सगळ्या ब्रँचना सामायिक असतात, सेम ७ ला सायबर सिक्युरिटी अँड लॉज, ऑपरेशन रिसर्च, डिझास्टर मॅनेजमेंट वगैरे आणि सेम ८ ला प्रोजेक्ट मॅनेजमेंट, फायनान्स मॅनेजमेंट, आयपीआर (पेटंट वगैरेचे हक्क) वगैरे. एमबीए करायचं असेल तर फायनान्स किंवा ऑपरेशन रिसर्च कामाचं. बाकीच्यांनी ज्यात वेळ कमी जातो ते घ्यावं, आयएलओवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आमची एफ.ई. २०२४ पॅटर्नने झालीय.

मग वरच्या विषयांची नावं आणि कोड तुम्हाला लागू नाहीत. तुमच्याकडे एनईपीप्रमाणे (नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे) मल्टिडिसिप्लिनरी मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह वेगळे आहेत, म्हणजे ब्रँचबाहेरचं तुम्हाला घ्यावंच लागणार. मायनर एकदा धरला की पुढच्या सेमिस्टरना त्याच वाटेने जावं लागतं, म्हणून तो आमच्या इलेक्टिव्हपेक्षा जास्त विचार करून घ्या.

फॉर्म भरला, आता बदलता येईल का?

पहिल्या आठवड्यात लेक्चर बसून बघा आणि बदलायचं असेल तर लगेच सांगा, अर्ज लिहून. दुसरा कोणी अदलाबदलीला तयार असेल तर काम पटकन होतं. इन्सेमनंतर विचारू नका.

अजून काही चेक करायचं?

परीक्षा फॉर्म. कॉलेजमध्ये जो विषय शिकताय तोच कोड विद्यापीठाच्या फॉर्मवर आहे ना ते स्वतः बघा. इलेक्टिव्ह ३ चा कोड ४१०२४४ आणि ४ चा ४१०२४५, पुढे कंसात ए ते ई. ३ मध्ये सायबर सिक्युरिटी सी आहे आणि मॉडेलिंग डी, ४ मध्ये टेस्टिंग डी आहे आणि कम्पायलर्स ई, ड्रॉपडाऊनमध्ये एक खाली-वर क्लिक झालं की हॉल तिकिटावर दुसराच विषय येतो. सेम ८ ला ४१०२५२ आणि ४१०२५३. फॉर्मची प्रिंट काढून ठेवा, हॉल तिकीट आलं की त्याच दिवशी जुळवून बघा, आणि चूक दिसली की व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकत बसण्यापेक्षा थेट एक्झाम सेक्शनला जा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी.